पीट ग्रेच्या ७७ सामन्यांचा हिशेब

अमेरिकी बेसबॉलच्या इतिहासात पीट ग्रेचं नाव निघालं की दोन तट पडतात, आणि दोन्ही तट लगेच बेसबॉल सोडून भलतंच बोलायला लागतात. एका तटाला तो जिद्दीचा पुतळा वाटतो. लहानपणी उजवा हात गमावलेला, कोळसा खाणींच्या पट्ट्यातला मुलगा १९४५ साली सेंट लुईस ब्राउन्सकडून मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च दर्जाची व्यावसायिक स्पर्धा, खेळला, टाळ्या वाजवा, पुढे काही विचारू नका. दुसऱ्या तटाला तो तमाशा वाटतो. चांगले खेळाडू महायुद्धावर गेले होते, स्टेडियम रिकामं राहू नये म्हणून मालकांनी एका हाताचा माणूस मैदानात उतरवला, त्याने संघाचं वाटोळं केलं, आणि असल्यांचे आकडे मेजर लीगच्या वहीत ठेवायचेच असतील तर शेजारी निदान शंकेचं तारांकन तरी मारा, असं त्यांचं म्हणणं. मला दोघांचंही पटत नाही. ग्रेची कारकीर्द पूर्णपणे रीतसर होती आणि कामगिरीत कमी पडलेली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तो नेहमीच्या रस्त्याने वर आला, सांगता येईल अशा तांत्रिक कारणाने फसला आणि फसलेले खेळाडू जातात तसाच खाली गेला. राहिलं तारांकन. ते लावायचं ठरलं तर ग्रेपाशी थांबता येत नाही.

आधी आकडे. ग्रे जन्मला ६ मार्च १९१५ रोजी, पेन्सिल्वेनियातल्या नँटिकोक गावी, लिथुआनियातून आलेल्या कुटुंबात. सहा वर्षांचा असताना चालत्या गाडीवरून घसरला, हात चाकाच्या आऱ्यांत अडकला आणि कोपराच्या वरून कापावा लागला. १९४५ च्या मोसमात तो ७७ सामने खेळला. २३४ अधिकृत फटकेसंधींत ५१ हिट (बेस गाठून देणारे फटके), म्हणजे सरासरी ०.२१८. त्यांत ६ डबल (दोन बेस मिळवून देणारे), २ ट्रिपल (तीन बेसचे), होमरन (चारही बेस फिरून घरी आणणारा) एकही नाही. १३ धावा त्याच्या फटक्यांवर आल्या, ५ बेस त्याने चोरले, म्हणजे फटका नसताना धावून गाठले. क्रिकेटच्या सवयीने वाचणाऱ्यांसाठी सांगायचं तर बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा यशस्वी झालेला बॅटर उत्तम समजतात आणि दहापैकी जेमतेम दोनदा यशस्वी होणारा फार काळ संघात टिकत नाही. ग्रे पुढच्या वर्षी मेजर लीगमध्ये नव्हता.

आता ‘तमाशा’ हा आरोप. तो पूर्ण निराधार नाही. ब्राउन्स हा गरीब क्लब होता. शहरातली गर्दी कार्डिनल्सकडे जायची, एकच मैदान दोघे वापरायचे, आणि ब्राउन्सने १९४४ साली अमेरिकन लीगचं (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचं) अजिंक्यपद जिंकूनसुद्धा वर्षभरात ५ लाख ८ हजारांच्या आसपासच प्रेक्षक आले. अशा क्लबला एकहाती खेळाडूच्या बातमीचं मोल कळत नव्हतं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. वर्तमानपत्रांनी आणि न्यूजरीलवाल्यांनी ग्रेचा पिच्छा पुरवला, तोही क्लबच्या पथ्यावरच पडला. पण ज्याची बातमी होते तो फक्त बातमीसाठीच घेतलेला असतो का? ग्रे १९४२ साली कॅनडातल्या त्र्वा-रिव्हिएर संघाकडून ४२ सामने खेळला आणि ०.३८१ च्या सरासरीने फटके मारले. पुढची दोन वर्षं तो मेम्फिसला सदर्न असोसिएशनमध्ये होता. १९४४ मध्ये तिथे त्याची सरासरी ०.३३३, होमरन ५, चोरलेले बेस ६८, आणि मोसमाअखेर लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. ब्राउन्सने त्याच्यासाठी २० हजार डॉलर मोजले. मायनर, म्हणजे खालच्या दर्जाच्या, लीगमध्ये अशी कामगिरी केलेल्या दोन हातांच्या आउटफिल्डरला (मैदानाच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या क्षेत्ररक्षकाला) युद्धाच्या काळात कुणी वर बोलावलं नसतं का? उलट न बोलावता ठेवलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं.

खरा तमाशा कसा असतो हे याच क्लबने पुढे दाखवून दिलं. १९ ऑगस्ट १९५१ रोजी मालक बिल व्हेक यांनी तीन फूट सात इंच उंचीच्या एडी गेडेलला बॅट देऊन उभं केलं. त्याने एकही चेंडू मारायचा नाही असं आधीच ठरलेलं होतं. इतक्या बुटक्या माणसासमोर पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगा चेंडू, टाकता येईना, गेडेल चार बॉलवर (वाइडसारख्या चेंडूंवर) चालत पहिल्या बेसवर गेला, त्याच्या जागी दुसरा धावपटू आला आणि कारकीर्द संपली. गेडेलने मायनर लीगचा एकही सामना खेळलेला नव्हता. ग्रे मेम्फिसमध्ये पूर्ण मोसम खेळून, लीग गाजवून आला होता. या दोघांना एका ओळीत बसवणाऱ्यांनी दोघांचीही माहिती वाचलेली नसते. आणि गर्दीचंच म्हणाल तर १९४५ मध्ये ब्राउन्सचे प्रेक्षक वाढले नाहीत, थोडे घटले. ४ लाख ८३ हजारांच्या घरात आले. तमाशाच उभा केला असेल तर तो धंद्याच्या दृष्टीनेही पडेलच ठरला.

मग मेम्फिसचा ०.३३३ सेंट लुईसमध्ये ०.२१८ कसा झाला? ‘एक हात नव्हता म्हणून’ हे उत्तर अर्धवट आहे, कारण हात मेम्फिसमध्येही नव्हता. ग्रे डावखुरा खेळायचा. डावखुऱ्या बॅटरचा उजवा हात पिचरच्या बाजूला, मुठीच्या तळाशी असतो. बॅट ओढून आणणं, तिची दिशा धरणं आणि गरज पडली तर घुमाव मध्येच आवरणं ही कामं मुख्यतः त्या पुढच्या हाताची. ग्रेकडे होता तो मागचा हात. पिचर उभा असतो तो मातीचा उंचवटा ६० फूट ६ इंचांवर असतो आणि वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत घरापर्यंत, म्हणजे बॅटरपाशी, येतो. पूर्ण मापाची बॅट एका हाताने वेळेवर पुढे आणायची तर सुरुवात लवकर करावी लागते, आणि एकदा निघालेली बॅट थोपवायला दुसरा हात नसतो. फास्टबॉलवर हे जमून जायचं, कारण त्याचा वेग आणि रेघ दोन्ही अंदाजात असायच्या. त्याच हालचालीने टाकलेला पण संथ येणारा चेंडू, किंवा शेवटच्या काही फुटांत खाली वळणारा कर्व्ह आला की बॅट आधीच पुढे गेलेली असायची. मायनर लीगमध्ये रोज असा कर्व्ह हव्या त्या जागी टाकणारे पिचर थोडे होते. मेजर लीगमध्ये, युद्धकाळातही, ते पुरेसे होते, आणि ही खबर एका संघाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागला नाही.

इथे एक आकडा नीट पाहायला हवा, कारण दोन्ही तटांच्या नजरेतून तो सुटतो. २३४ फटकेसंधींत ग्रे फक्त ११ वेळा स्ट्राइक-आउट (तीन स्ट्राइक चुकून बाद) झाला. दोन हातांनी खेळणाऱ्या कित्येकांना हे जमत नाही. म्हणजे त्याला चेंडू दिसत होता, बॅटही चेंडूला लागत होती. लागूनही चेंडू दूर जात नव्हता. ५१ हिटपैकी ४३ सिंगल, म्हणजे एकाच बेसच्या, आहेत. डोक्यावरून चेंडू जाण्याची फारशी भीती नसली की आउटफिल्डर पुढे सरकून उभे राहू शकतात, आणि इनफिल्ड आणि आउटफिल्ड यांच्यामधल्या ज्या मोकळ्या पट्टीत हलके फटके पडून हिट मिळते ती पट्टी आपोआप आक्रसते. वेगवान पायांच्या खेळाडूला यावर बंटचा (बॅट न फिरवता चेंडू जवळच पाडण्याचा) उतारा असतो आणि ग्रे बंट उत्तम करायचा. बॅटची मूठ बरगडीला टेकवायची, हात दांड्यावर वर सरकवायचा, चेंडू नुसता मेलेला पाडायचा आणि पळायचं. पण बंट येणार हे माहीत असलेला थर्ड बेसमन आधीच चार पावलं पुढे उभा असतो.

क्षेत्ररक्षणातली त्याची रीत आजही पाहण्यासारखी आहे. त्याच्या ग्लोव्हमधला भराव बराचसा काढून टाकलेला असायचा आणि करंगळी बाहेर असायची, म्हणजे हात झटकन निघावा. उंच चेंडू ग्लोव्हमध्ये झेलायचा, त्याच हालचालीत ग्लोव्ह उजव्या खांद्याखाली उरलेल्या हाताच्या खुंटाशी दाबून धरायचा, हात बाहेर ओढायचा, छातीवरून घरंगळत आलेला चेंडू पकडायचा आणि फेकायचा. जमिनीवरून आलेला चेंडू तो ग्लोव्हने अडवून समोर पाडायचा, ग्लोव्ह टाकून द्यायचा आणि उघड्या हाताने चेंडू उचलायचा. हे सगळं वाचायला जितका वेळ लागतो त्याच्या छोट्या अंशात तो ते उरकायचा. एरवी मेम्फिसमध्ये दोन वर्षं तो टिकलाच नसता. तरीही सहखेळाडूंची तक्रार खरी होती. सिंगल सेंटर फील्डला गेली की पहिल्या बेसवरचा धावपटू दुसऱ्यावर थांबायचं की तिसऱ्यापर्यंत जायचं हे फेकीच्या एका क्षणावर ठरवतो. ग्लोव्ह काढण्यात जाणारा तो क्षण चतुर संघ हेरून ठेवत आणि तिसरा बेस गाठत. तिसऱ्या बेसवरचा धावपटू साध्या उंच झेलावरही घरी येऊन धाव काढू शकतो. वहीत एररच्या (क्षेत्ररक्षणातल्या चुकांच्या) रकान्यात यातलं काही लागत नाही, संघाला मात्र लागतं.

आता सर्वात जड मुद्दा. ग्रेमुळे ब्राउन्सचं १९४५ चं अजिंक्यपद गेलं, असं त्याचे काही सहकारी म्हणत राहिले आणि आजही ते वाक्य पुराव्यासारखं फेकलं जातं. मोजून पाहायला काय हरकत आहे? डेट्रॉइट टायगर्स ८८ विजय आणि ६५ पराभव घेऊन पहिले आले, वॉशिंग्टन दीड सामना मागे, आणि ब्राउन्स ८१-७० वर तिसरे, सहा सामने मागे. ग्रे शंभरात सुमारे २६ वेळा बेसवर पोचत होता, लीगमधला सरासरी बॅटर ३२ वेळा. अधिकृत संधींत न धरलेल्या वेळा मिळवल्या तर सुमारे २५० वेळा तो फटक्याला उभा राहिला, म्हणजे पंधरा-सोळा वेळा तो बेसवर कमी पोचला. त्यात मोठे फटके नसल्याचा तोटा मिळवा, तर बॅटिंगचं नुकसान बारा-पंधरा धावांचं होतं. क्षेत्ररक्षणासाठी हात सैल सोडून आणखी दहा धावा त्याच्या नावावर टाका. साधारण दहा धावांमागे एक विजय, हा बेसबॉलमधला ढोबळ हिशेब. म्हणजे फार तर अडीच सामने. सहाचं अंतर यातून भरत नाही. शिवाय ही तुलना सरासरी खेळाडूशी झाली. प्रत्यक्षात त्याच्या जागी कोण खेळलं असतं? माइक क्रीविच. १९४४ मध्ये ०.३०१ ने खेळलेला हा सेंटर फील्डर १९४५ मध्ये ब्राउन्सकडे असेपर्यंत ०.२३७ वर घसरला होता आणि ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला गेला.

अजिंक्यपद कुठे गेलं हे पाहायचं तर पिचरांकडे पाहा. नेल्स पॉटर आणि जॅक क्रेमर यांनी १९४४ मध्ये मिळून ३६ सामने जिंकले होते आणि २० हरले होते. १९४५ मध्ये दोघांचे मिळून २५ विजय आणि २६ पराभव. एवढी घसरण एकट्या डाव्या किंवा मधल्या आउटफिल्डरच्या माथी कशी मारता येईल? आणि पलीकडे डेट्रॉइटकडे पाहा. चार वर्षं लष्करात काढून हँक ग्रीनबर्ग १ जुलैला परतला, पहिल्याच सामन्यात होमरन मारला आणि त्या मोसमातल्या एकूण ७८ सामन्यांत ०.३११ ने खेळला. ग्रेचे ७७ आणि ग्रीनबर्गचे ७८. मोसमाच्या शेवटच्या दिवशी, ३० सप्टेंबरला, सेंट लुईसमध्ये नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगला तिन्ही बेस भरलेले असताना ग्रीनबर्गने होमरन मारून डेट्रॉइटला अजिंक्यपद मिळवून दिलं. पिचर होता पॉटर. ग्रेचा मेजर लीगमधला शेवटचा सामनाही तोच. ज्यांना त्या वर्षाचा निकाल एका माणसावर ढकलायचाच आहे त्यांनी लष्करातून सुटका झाल्याच्या कागदावर ढकलावा.

युद्धकाळात खेळाचा दर्जा खालावला होता, हे मात्र नाकारायचं कारण नाही. पाचशेहून अधिक मेजर लीग खेळाडू सैन्यात होते. सिनसिनाटीने १० जून १९४४ रोजी जो नक्सहॉल या पंधरा वर्षांच्या पोराला पिचिंगला उतरवलं. तीन खेळाडू बाद करायच्या इनिंगमध्ये त्याने दोनच केले आणि पाच धावा दिल्या. १९४३ च्या सुरुवातीला रबराच्या टंचाईमुळे चेंडूच्या गाभ्यात बलाटा (झाडाचा चिवट चीक) घातला आणि चेंडू उडेचना. काही आठवड्यांत तो बदलावा लागला. १९४५ ला अमेरिकन लीगचा सर्वोत्तम बॅटर ठरला न्यूयॉर्क यांकीजचा स्नफी स्टर्नवाइस, आणि त्याची सरासरी होती ०.३०९. चाळीस वर्षांत इतक्या कमी सरासरीवर कुणी हा किताब जिंकला नव्हता. हे सगळं खरं. पण यात फसवणूक नव्हती. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १५ जानेवारी १९४२ च्या पत्रात बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांना बेसबॉल चालू ठेवा असं कळवलं तेव्हाच, वयस्क खेळाडू जास्त घ्यावे लागून संघांचा दर्जा उतरला तरी खेळाची लोकप्रियता कमी होणार नाही, असंही लिहिलं होतं. दर्जा उतरणार हे धरून, उघडपणे, ती स्पर्धा चालवली गेली. जी गोष्ट त्या वेळच्या प्रेक्षकाला तिकीट काढताना माहीत होती ती ऐंशी वर्षांनी उघडकीला आणल्याचा आव कशाला?

आणि ‘युद्धकाळातला आकडा म्हणजे खोटा आकडा’ हे सूत्र लावून पाहिलं की ते लगेच मोडतं. डेट्रॉइटचा पिचर हाल न्यूहाउझर १९४४ मध्ये २९ सामने जिंकला, १९४५ मध्ये २५, दोन्ही वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फटके मारणारे कुठे होते, असं लोक म्हणाले. १९४६ मध्ये फटके मारणारे परत आले, नामांकित बॅटर टेड विल्यम्ससकट, आणि न्यूहाउझरने २६ जिंकले. तरी कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घ्यायला १९९२ उजाडलं. तारांकन मनात असलं की कागदावर नसूनही इतकं काम करतं. रॉजर मॅरिसने १९६१ मध्ये ६१ होमरन मारले तेव्हा मोसम १५४ चा १६२ सामन्यांचा झाला होता, म्हणून त्याचा विक्रम बेब रूथच्या १९२७ मधल्या ६० होमरनच्या विक्रमापासून वेगळा नोंदवावा असा आयुक्तांचा आग्रह. तो वेगळेपणा अधिकृतपणे पुसायला तीस वर्षं लागली, आणि तोवर मॅरिस वारला होता.

हा वाद आपल्याकडेही वेगळ्या रूपात झालेला आहे. विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली ७१.६४ ची सरासरी ब्रॅडमनच्या खालोखाल आहे, आणि ती युद्धकाळातल्या ब्रेबोर्नच्या पाटा खेळपट्टीवर फुगली, असं नाक मुरडून सांगणारे नेहमी भेटतात. १९४३ च्या पंचरंगी सामन्यात हिंदू संघाविरुद्ध शेष संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारेंच्या होत्या. त्या धावसंख्येला कुणी तारांकन लावत नाही. का लावत नाही? मैदान, वर्ष आणि समोरचे गोलंदाज हे सगळं नोंदीतच असतं; वाचणाऱ्याने वाचावं आणि वजन ठरवावं. फरक एवढाच की भारतातले बहुतेक क्रिकेटपटू लढाईवर गेले नव्हते आणि अमेरिकेतले बेसबॉलपटू गेले होते, त्यामुळे ग्रेच्या बाबतीत घट जास्त धरावी लागते. धरा ना. ०.२१८ मधून आणखी किती कापणार आहात?

आता तारांकनवाल्यांच्या मूळ युक्तिवादाकडे येऊ. ‘देशातले सर्वोत्तम खेळाडू मैदानात नव्हते, म्हणून ते वर्ष अर्धं.’ ठीक आहे. ग्रेने मेजर लीगमधला पहिला सामना खेळला १७ एप्रिल १९४५ रोजी, सेंट लुईसमध्ये डेट्रॉइटविरुद्ध; ब्राउन्स ७-१ ने जिंकले. त्याच्या आदल्या दिवशी, १६ एप्रिलला, बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये तीन खेळाडूंची चाचणी झाली होती. जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्व्हिन विल्यम्स. तिघेही कृष्णवर्णीय, म्हणजे मेजर लीगने तेव्हा बाहेर ठेवलेले, आणि तिघांनाही दोन-दोन हात. रेड सॉक्सने तिघांपैकी कुणालाही बोलावलं नाही. रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून आला, ती वर्णबंदी मोडली, आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. जेथ्रोला १९५० पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी तो नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक बेस चोरून सर्वोत्तम नवोदित ठरला, तिशी उलटल्यानंतर. विल्यम्सला मेजर लीग कधीच मिळाली नाही. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात आणला तो १९५९ मध्ये.

त्या काळच्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी हे तेव्हाच बोलून दाखवलं होतं: एक हात नसलेल्याला चालतं, पंधरा वर्षांच्या पोराला चालतं, मग जॉश गिब्सनला (कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या नामांकित बॅटरला) का चालत नाही? या प्रश्नाचा रोख ग्रेवर नव्हता. दारावर कोण उभं आहे आणि कुणाला आत सोडतं, यावर होता. पण पुढच्या पिढ्यांनी सोयीस्करपणे तो ग्रेकडे वळवला. १९४५ मध्ये सर्वोत्तम खेळाडू युद्धावर होते म्हणून तारांकन, तर १९२७ मध्ये सर्वोत्तमांपैकी कित्येक कातडीच्या रंगामुळे बाहेर होते, त्याला काय? बेब रूथच्या ६० होमरनना तारांकन लावायची तयारी आहे? मेजर लीगने डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या नीग्रो लीगना, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांना, मेजर दर्जा दिला, आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत वहीत आल्यावर कारकिर्दीतल्या सरासरीत जॉश गिब्सन ०.३७२ घेऊन सगळ्यांच्या वर गेला. वही दुरुस्त करायची योग्य रीत ही. वगळलेल्यांना आत घ्या. आत असलेल्यांच्या नावावर खुणा करत बसू नका. पळवणकर बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद जातीमुळे मिळालं नाही, ही गोष्ट त्यांच्याऐवजी कर्णधार झालेल्यांच्या धावा खोडून दुरुस्त होणार आहे का?

सहानुभूतीवर संघात आला, असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. बर्ट शेपर्ड हा लष्करी वैमानिक १९४४ मध्ये जर्मनीवर पाडला गेला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. कृत्रिम पायावर तो परत पिचिंग शिकला. ४ ऑगस्ट १९४५ रोजी वॉशिंग्टनने त्याला बोस्टनविरुद्ध आणलं, सामना हाताबाहेर गेलेला असताना. शेपर्डने सव्वापाच इनिंगच्या आसपास पिचिंग केलं, तीन हिट आणि एक धाव दिली. सहानुभूतीनेच संघ निवडले जात असते तर युद्धात पाय गेलेल्या, आणि वर चांगलं खेळलेल्या, माणसाला पुन्हा चेंडू मिळायला हवा होता. मिळाला नाही. वॉशिंग्टन अजिंक्यपदाच्या शर्यतीत होतं आणि व्यवस्थापकाला धोका नको होता. शेपर्डची मेजर लीग कारकीर्द एका सामन्याची. ग्रेला ७७ मिळाले ते ब्राउन्सचा व्यवस्थापक ल्यूक सूएलला वाटत होतं की याच्या पायांचा आणि मेम्फिसच्या आकड्यांचा उपयोग होईल, म्हणून. मे महिन्यात यांकीजविरुद्ध एकाच दिवशीच्या दोन सामन्यांत ग्रेने मिळून पाच हिट मारले, दोन्ही सामने ब्राउन्सने जिंकले, तेव्हा तो अंदाज बरोबर वाटलाही होता.

जिद्दीच्या पुतळ्याबद्दलही दोन शब्द, कारण टाळ्या वाजवणारे कमी नुकसान करत नाहीत. ग्रे लष्करी रुग्णालयांत हात-पाय गमावलेल्या सैनिकांना भेटायला जायचा, त्याच्या खेळाच्या न्यूजरील तिथे दाखवल्या जायच्या. त्या खाटांवरच्या लोकांना त्याचा अर्थ काय होता हे आपण बाहेरून मोजू नये. पण खेळाच्या लेखात त्याचं कौतुक करून संपवलं, की ग्लोव्ह खुंटाशी दाबून चेंडू सोडवण्याचं त्याने स्वतः बसवलेलं तंत्र, ११ स्ट्राइक-आउटचा आकडा, कर्व्हवर लवकर सुटणारी बॅट, हे सगळं गाळलं जातं. म्हणजे जे त्याने वर्षानुवर्षं घासून कमावलं तेच गाळलं जातं आणि ज्यात त्याचं काहीच कर्तृत्व नव्हतं तो अपघात तेवढा उरतो. जिम ॲबट उजव्या पंजाशिवाय जन्मला. त्याने १९८९ ते १९९९ मेजर लीगमध्ये पिचिंग केलं, ८७ जिंकले, १०८ हरले, आणि ४ सप्टेंबर १९९३ ला क्लीव्हलंडला एकही हिट न देता सामना काढला. त्याच्याबद्दल लिहिताना लोक निदान ८७-१०८ सांगतात. ग्रेचं ०.२१८ सांगायला मात्र संकोच वाटतो. का वाटावा? मेजर लीगमध्ये हजारो दोन हातांचे खेळाडू येऊन ०.२१८ मारून गेले आहेत.

१९४६ मध्ये सैन्यातले खेळाडू परतले, ब्राउन्सने ग्रेला टोलेडोच्या मायनर संघात पाठवलं, आणि १९४९ पर्यंत तो खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. जुलै १९४७ मध्ये याच ब्राउन्सने नीग्रो लीगमधल्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघातून हँक थॉम्पसन आणि विलर्ड ब्राउन या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना आणलं. १३ ऑगस्टला ब्राउनने सहकारी जेफ हीथची बॅट उसनी घेऊन होमरन मारला. अमेरिकन लीगमधला कृष्णवर्णीय खेळाडूचा तो पहिला होमरन. डगआउटमध्ये परतल्यावर हीथने ती बॅट भिंतीवर आपटून मोडली. ऑगस्टमध्येच दोघांनाही क्लबने सोडून दिलं, दर्जा पुरेसा नाही असं सांगून. ब्राउनचे मेजर लीगमधले सामने २१, फटकेसंधी ६७, हिट १२, सरासरी ०.१७९. ग्रेपेक्षाही कमी. २००६ मध्ये विलर्ड ब्राउनला कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, नीग्रो लीगमधल्या कामगिरीवर. ग्रेचा ग्लोव्हही त्याच इमारतीत ठेवलेला आहे. ग्रेला ब्राउनच्या साडेतीनपट संधी मिळाल्या आणि त्यांत त्याची खरी कुवत दिसली. ब्राउनची ६७ संधींत दिसली नाही, आणि ती दिसेपर्यंत थांबायची क्लबची इच्छाही नव्हती. दोघांच्याही नावापुढे अधिकृत वहीत तारांकन नाही, ते बरंच आहे.